दाद

भोंग्याचं बटण दाबलं, तर आवाजाऐवजी नुसती फुस्सकन हवा बाहेर आली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. उजव्या हातातला झेंडा, पांढऱ्यावर निळा क्रॉस असलेला, वर गेलेला होता. डाव्या हातात गॅस संपलेला भोंगा होता. आणि समोर १४ छोट्या होड्या श्रावणातल्या वाऱ्यावर कलंडत, पाणी उडवत आमच्यापासून लांब चालल्या होत्या. त्यांतल्या दोन होड्यांना परत बोलवायचं होतं.

पुण्याजवळच्या एका धरणाच्या पाण्यावर मुलांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. कुठलं धरण, कुठला क्लब हे लिहीत नाही, कारण त्यांचा यात काही दोष नाही. त्या दिवशी झेंडा आणि भोंगा माझ्याकडे होता.

मी या पाण्याशी जोडली गेले ती मुलामुळे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेली कणसं खायला अर्धं पुणं लोटतं, त्यात आम्हीही असायचो. तिथून लांबवर, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या बाजूला, कधी कधी शिडं दिसतात. तिथल्या पीकॉक बेमध्ये कॅडेट होड्या चालवायला शिकतात. मुलगा नऊ वर्षांचा असताना एकदा ती शिडं बघता बघता त्याच्या हातातलं कणीस गार झालं, आणि घरी येईपर्यंत ‘मला हे शिकायचंय’ एवढं एकच पालुपद चाललं. शोधाशोध करून एक क्लब सापडला. पुढची सहा वर्षं आमचे शनिवार-रविवार ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीच्या मागे गेले. क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने १९४७ मध्ये फ्लोरिडात मुलांसाठी आखलेली ही होडी २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची असते. एक शीड, एक सुकाणू, एक मूल. समोरून चपटी, जवळजवळ पेटीसारखी. पंधरा वर्षांपर्यंतच यात शर्यत खेळता येते. मुलगा मोठा झाला, होडीबाहेर गेला, पुढे शिकायला गावाबाहेरही गेला. मी मात्र कमिटी बोटीवर, म्हणजे शर्यत चालवणाऱ्यांच्या बोटीवर, राहिले. आधी डबे आणि टॉवेल सांभाळायला, मग वेळा लिहायला, मग झेंड्यांना.

शर्यतीची सुरुवात काठावरून बघणाऱ्याला निव्वळ गोंधळ वाटते. होडीला ब्रेक नसतो, त्यामुळे सगळ्यांना एका रांगेत उभं करून ‘पळा’ म्हणता येत नाही. कमिटी बोटीवरची काठी आणि लांबवर नांगरलेला नारंगी मार्क यांच्यामध्ये एक रेषा मनातल्या मनात धरायची. पाच मिनिटं आधी एक झेंडा वर आणि एक आवाज. चार मिनिटं आधी दुसरा झेंडा, पुन्हा आवाज. एक मिनिट उरलं की दुसरा झेंडा खाली आणि एक लांब आवाज. शून्याला पहिला झेंडा खाली, आवाज, आणि सुटले. त्या पाच मिनिटांत मुलं रेषेमागे येरझाऱ्या घालतात, एकमेकांची जागा अडवतात, घड्याळ बघतात, वारा बघतात. आमच्याकडचा वारा भरवशाचा नाही. पश्चिमेच्या डोंगरांमधून तो झोताझोताने उतरतो आणि दोन मिनिटांत दिशा बदलतो. अशा वाऱ्यात नेमकं शून्याला, पूर्ण वेगात, रेषेवर पोचायचं असतं. एक सेकंद उशीर झाला की पुढच्यांच्या शिडांनी खराब केलेली हवा वाट्याला येते. एक सेकंद लवकर झाला की होडीचं नाक रेषेपलीकडे. मग परत वळून रेषेमागे यायचं आणि नव्याने निघायचं.

आपण लवकर गेलो हे होडीतल्या मुलाला दर वेळी कळतंच असं नाही. रेषेच्या दोन टोकांवर नजर लावून तो बसलेला नसतो, त्या कामाला आम्ही बसलेलो असतो. म्हणून नियम २९.१ सांगतो की कमिटीने लगेच ‘एक्स’ झेंडा दाखवायचा आणि सोबत एक आवाज करायचा.

माझ्या बाजूला रेषेवर नजर ठेवणाऱ्या काकांनी शिडांवरचे दोन नंबर मोठ्याने सांगितले, मी झेंडा वर केला, आणि भोंगा गप्प राहिला. शिट्टी पिशवीत होती. पिशवी बाकाखाली, ओल्या टॉवेलांच्या खाली. ती हाताला लागेपर्यंत पाऊण मिनिट गेलं होतं. रेस ऑफिसरांनी मान हलवली. “आता नको. आता वाजवलीत तर बाकीची पोरं गोंधळतील.” त्याआधीच दोन होड्यांपैकी एकीतल्या मुलीने, लांब वेणीची, तेरा वर्षांची असेल, मागे वळून पाहिलं होतं. झेंडा दिसताच ती गर्रकन फिरली आणि रेषेमागे येऊन पुन्हा निघाली. दुसरी होडी निळ्या टोपीवाल्या मुलाची. तो पुढेच गेला. शर्यत संपली तेव्हा त्याने शेवटची रेषा दुसऱ्या क्रमांकावर ओलांडली, हात वर केला आणि आमच्याकडे बघून हसला. मी त्याची वेळ लिहिली आणि त्याच्या नावापुढे ‘ओसीएस’ अशी तीन अक्षरंही लिहिली. सुरुवातीच्या वेळी रेषेपलीकडे होता आणि परत आला नाही, असा त्याचा अर्थ. गुण १५, म्हणजे १४ होड्या अधिक एक. शिडाच्या शर्यतीत कमी गुण म्हणजे चांगलं. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. त्याचे दोनाचे पंधरा झाले.

काठावर आल्यावर त्याने तक्ता पाहिला. रडला नाही, भांडला नाही. फॉर्म मागितला.

लहानपणी मी खो-खो खेळले. पुण्याच्या मुलींना हा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही. त्याचे नियम बसवण्याचं काम १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्यानेच हाती घेतलं होतं, हे आमच्या बाई अभिमानाने सांगायच्या. त्याच बाई हेही सांगायच्या की पंचांचा निर्णय अंतिम. पंच चुकले असं आम्हाला स्वच्छ दिसलं तरी मैदानावर तोंड उघडायचं नाही. बाहेर आल्यावर रडायचं असेल तर रडा. मला ती शिस्त पटली होती आणि आजही तिचा राग नाही. पण शिडांच्या नियमांचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी एका ठिकाणी थांबले आणि तो भाग पुन्हा वाचला. वर्ल्ड सेलिंग ही संस्था दर चार वर्षांनी हे पुस्तक काढते, सध्याचं २०२५ ते २०२८ साठीचं आहे. त्यात चक्क धरून चाललेलं आहे की कमिटी चुकेल. कधीतरी, कुठेतरी, झेंडा चुकीचा लागेल, मार्क वाहून जाईल, नंबर चुकीचा लिहिला जाईल. आणि तसं झालं तर होडीने काय करायचं, तेही लिहून ठेवलंय.

एका होडीने दुसरीविरुद्ध करायचा तो ‘प्रोटेस्ट’. कमिटीविरुद्ध प्रोटेस्ट करता येत नाही, तिने नियम मोडला असला तरीही. कमिटीच्या चुकीबद्दल ‘रिड्रेस’ मागायचा असतो. आमच्या क्लबात सगळे हे इंग्रजी शब्दच वापरतात, मीही वापरते. पण मनात मी त्याला दाद म्हणते. सवाई गंधर्वच्या मंडपात आपण जी देतो ती दाद आणि सरकारदरबारी जी मागतो ती दाद, शब्द एकच आहे. दोन्हीत समोरच्याने ऐकून घेतलं पाहिजे हे गृहीत असतं. प्रोटेस्टमध्ये कुणावर तरी आरोप असतो. दाद मागताना मुलगा एवढंच म्हणत असतो की माझं नुकसान झालंय, त्यात माझा दोष नाही, बघा.

पुस्तकाच्या भाषेत यात तीन गाठी आहेत. कमिटीने करू नये ते केलं किंवा करायला हवं ते केलं नाही, हे दिसलं पाहिजे. त्यामुळे होडीचे गुण बरेच बिघडले किंवा बिघडू शकतात, हे दिसलं पाहिजे. आणि त्यात त्या होडीची स्वतःची काही चूक नसली पाहिजे. तिन्ही गाठी सुटल्या तर ज्यूरीने अशी व्यवस्था लावायची की जी सगळ्या संबंधित होड्यांना शक्य तेवढी न्याय्य असेल, मग त्यांनी दाद मागितलेली असो वा नसो. हे शेवटचं वाक्य मला फार मोठं वाटतं. मागणाऱ्याला द्यायचं आणि न मागणाऱ्याला विसरायचं, अशी सोयच त्यात ठेवलेली नाही.

सुनावणीआधी रेस ऑफिसर म्हणाले, काय झालं ते दोन ओळींत लिहून द्या. मी लिहिलं : ‘झेंडा वेळेवर लागला. भोंगा वाजला नाही.’ कागद पुढे सरकवला आणि परत ओढून घेतला. भोंगा वाजला नाही. आपली भाषा किती सोयीची आहे. कप फुटला, दूध उतू गेलं, भोंगा वाजला नाही, या वाक्यांत कुणीच काही केलेलं नसतं. सकाळी भोंगे तपासायचे, जास्तीचा डबा बाहेर काढून ठेवायचा, शिट्टी गळ्यात अडकवायची, ही माझ्या कामाची यादी होती. मदतीला येणारा मुलगा त्या दिवशी आला नव्हता आणि पावसामुळे निघायला उशीर झाला होता हे खरं. पण मी कागदावर तिसरी ओळ लिहिली : ‘भोंग्यात गॅस किती आहे हे मी सकाळी पाहिलं नव्हतं, आणि शिट्टी माझ्याजवळ नव्हती.’ लिहायला दोन मिनिटंही लागली नसतील. हात मात्र जड झाला होता.

पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पावसाचा ताशा. ज्यूरी तिघांची. अध्यक्ष नौदलातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे. समोर निळ्या टोपीवाला, टोपी आता हातात. आलं घातलेला चहा आला, त्याने घेतला नाही.

आधी मला विचारलं. मी सांगितलं. मग नियमाची बाजू आली, आणि इथे पहिली अडचण होती. नियम २६, जो सुरुवातीच्या खुणांबद्दल आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की वेळ झेंड्यावरून मोजायची आणि आवाज झाला नाही तर त्याकडे दुर्लक्ष करायचं. तिथे बसलेल्या एका पालकांनी तेच बोट ठेवलं. झेंडा लागला होता ना? एका मुलीला दिसलाही होता ना? मग आवाजाचं काय घेऊन बसलात?

वाक्य खरं आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. पाच, चार, एक, शून्य या खुणांच्या वेळी सगळी मुलं कमिटी बोटीकडे टक लावून असतात. झेंडा हलला की त्यांना दिसतोच, आवाज तिथे जोडीला असतो. ‘एक्स’ वर जातो तेव्हा मात्र सगळे आमच्याकडे पाठ करून निघालेले असतात. पाठमोऱ्या माणसाला झेंडा दाखवून हाक मारता येत नाही. तिथे आवाज हीच हाक, आणि झेंडा ती हाक कशाबद्दल होती ते सांगणारा. वर्ल्ड सेलिंगच्या निवाड्यांच्या पुस्तकात केस ३१ नेमकी हीच आहे. झेंडा लावला पण आवाज केला नाही, आणि आवाज ऐकू येईल अशा अंतरावरच्या होडीला झेंडा दिसला नाही म्हणून ती परतली नाही, तर तिला दाद मिळाली पाहिजे. अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मुलाच्या आईने मोठा श्वास सोडला.

पण केस तिथे संपत नाही. त्यात पुढे म्हटलंय की आपण रेषेपलीकडे होतो हे त्या होडीला कळलेलं असेल, तर हाक आली काय आणि न आली काय, तिने परत फिरलंच पाहिजे. तसं न करणाऱ्याला दाद नाही.

आता सगळं त्या मुलावर आलं. त्याच्या होडीत दुसरं कुणी नव्हतं. त्याला काय कळलं होतं हे सांगू शकणारा साक्षीदार तो एकटाच. आणि खरं बोलण्यात त्याचंच नुकसान होऊ शकत होतं. ‘नाही, मला काही कल्पना नव्हती’ एवढे शब्द पुरले असते. ते खोटे ठरवायला कुणाकडेच काही नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, “स्टार्टच्या वेळी आपण पुढे आहोत हे तुला माहीत होतं का?”

तो बराच वेळ गप्प बसला. टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “सर, मला वाटलं होतं. म्हणजे शंका आली. मी आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही, तेव्हा वाटलं की नाही, आपण बरोबर आहोत.”

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. त्याच्या आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, याने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

पुण्यात वाढलेल्या मुलांना न्यायाची पहिली गोष्ट सांगितली जाते ती रामशास्त्री प्रभुण्यांची. नारायणरावांच्या खुनानंतर प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरवणारे, आणि मग शहर सोडून जाणारे. रामशास्त्री बाणा हा शब्द आपण सहज वापरतो. पण त्या गोष्टीत गुन्हा आहे आणि गुन्हेगार आहे. सत्तेपुढे उभं राहण्याचं धैर्य दाखवलं की न्याय मिळतो, असा तिचा साचा. या शेडमध्ये गुन्हेगारच नव्हता. गॅस संपलेला भोंगा होता, विसराळूपणा होता, आणि शंका आली होती असं कबूल करणारा बारा वर्षांचा मुलगा होता. इथे बाण्याने भागत नाही. इथे शब्द तोलावे लागतात, आणि ते फार बारीक काम आहे.

वाटणं आणि कळणं यांत किती अंतर आहे, यावर ज्यूरी आत वीस मिनिटं बोलली. हे मला नंतर कळलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की शंका म्हणजे ज्ञान नव्हे. अटीतटीच्या सुरुवातीला पुढच्या रांगेतल्या प्रत्येक मुलाला शंका येतेच, यायलाच हवी, तेवढं जवळ गेल्याशिवाय चांगली सुरुवात होत नाही. ती शंका मिटवायचं काम नियमाने कमिटीकडे दिलंय. आवाज आला तर परत फिर, नाही आला तर पुढे जा. मुलाने तेच केलं. आमच्या गप्प बसण्याला त्याने उत्तर समजलं, आणि तसं समजण्याचा त्याला हक्क होता. त्याला खात्री झाली असती आणि तरी तो पुढे गेला असता, तर गोष्ट वेगळी.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. या वाचनाविरुद्ध बोलता येतं. शंका आली तर मागे वळून बघायला काय हरकत होती, असं कुणी म्हणेल, आणि लांब वेणीच्या मुलीने तेच तर केलं. पण सुटल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत, दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर होड्या असताना मागे मान वळवणं सोपं नसतं. त्याने न वळवणं ही चूक ठरवली, तर आमच्या चुकीची भरपाई मुलांनी आपल्या मानेने करायची असा अर्थ होतो. मला ज्यूरीचं पटलं. माझी चूक होती म्हणून पटलं असेल का, हेही मी स्वतःला विचारून पाहिलंय. तसं असतं तर त्याला दाद नाकारलेली मला जास्त सोयीची झाली असती.

मग दाद किती द्यायची? त्याच्या आईची अपेक्षा होती की दुसरा क्रमांक परत मिळेल. तो मिळाला नाही, आणि मिळायला नकोच होता. तो रेषेपलीकडे होता हे खरंच होतं. भोंगा वाजला असता तर तो परत फिरला असता आणि त्यात वेळ गेला असता. तेवढा वेळ धरून गुण द्यावेत, हेही त्याच केसमध्ये सांगितलंय. मग किती वेळ? इथे ज्यूरीने त्या मुलीला बोलावलं, जिने काहीच मागितलं नव्हतं. माझ्या वहीत होतं की ती सुरुवातीनंतर ५० सेकंदांनी पुन्हा रेषा ओलांडून निघाली. तिला विचारलं, झेंडा कधी दिसला? ती म्हणाली, बहुतेक दहा सेकंदांनी. म्हणजे भोंगा वाजला असता तर ती साधारण ४० सेकंदांत निघाली असती. तिचेही दहा सेकंद आम्हीच खाल्ले होते! पण ती नवव्या क्रमांकावर आली होती आणि आठवी होडी तिच्यापुढे सव्वा मिनिट होती. दहा सेकंद परत देऊन तिचा क्रमांक बदलत नव्हता. गुण बिघडलेच नाहीत, त्यामुळे दाद नाही. मुलाच्या वेळेत ४० सेकंद मिळवले. तो सहाव्या होडीच्या मागे आणि सातवीच्या पुढे आला. त्याला सहाव्या क्रमांकाचे गुण. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या होड्या एकेक पायरी वर. सातवीपासून पुढे कुणाचं काही हललं नाही.

निर्णय वाचून झाल्यावर मुलीचे वडील माझ्यापाशी आले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. “मॅडम, माझ्या मुलीने नियम पाळला, तिला नववा. त्याने पाळला नाही, त्याला सहावा. तिला मी घरी जाऊन काय सांगू?”

मी त्यांना सगळा हिशोब सांगू शकले असते. दोघांनीही तीच ४० सेकंदं मोजली, तिचा नववा क्रमांक पुढच्या टप्प्यात वारा फिरला तेव्हा ठरला, वगैरे. थोडं सांगितलंही. पण त्यांच्या म्हणण्यात काहीतरी होतं जे हिशोबात बसत नव्हतं. आम्ही जे काम केलं नाही ते त्या मुलीने आमच्यासाठी केलं होतं. हाक नसताना तिने ऐकलं होतं. नियमांच्या पुस्तकात यासाठी काही रकाना नाही. मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, भोंगा माझ्यामुळे वाजला नाही, तुझे दहा सेकंद गेले. ती होडीतलं पाणी उपसत होती. म्हणाली, “पण काकू, झेंडा दिसला होता ना मला. मग वळायलाच लागणार.” आणि पुन्हा पाणी उपसायला लागली.

दुसरे काही पालक म्हणत होते की शर्यतच रद्द करा, पुन्हा घ्या. गल्लीतल्या क्रिकेटसारखं, वाद झाला की डाव मोडा, नवा मांडा. ऐकायला फार समतोल वाटतं. पण ज्या मुलाने पहिला क्रमांक स्वच्छ मिळवला त्याचा काय गुन्हा? म्हणूनच शर्यत रद्द करण्याआधी पुरावे घ्या, चौकशी करा, असं नियम ज्यूरीला खास बजावतात. निवाड्यांच्या पुस्तकात केस ४५ मला याच कारणासाठी आवडते. शेवटची रेषा कुठल्या दिशेने ओलांडायची हे व्याख्येने ठरलेलं असतं, आणि आयोजकांना आपल्या सूचनांनी ती व्याख्या बदलता येत नाही. तरी कधी कमिटी अशी सूचना देते की होड्यांना मार्कला वळसा घालून उलट्या दिशेने यावं लागतं. मग काही होड्या सूचना पाळतात, काही व्याख्या पाळतात, आणि सगळ्याच आपापल्या परीने प्रामाणिक असतात. अशा गोंधळात कुणाचा फायदा-तोटा झाला नसेल तर ज्या क्रमाने त्यांनी रेषा ओलांडली त्याच क्रमाने सगळ्यांना गुण द्यावेत, असा तिथला निवाडा. पाण्यावर जे घडलं ते शक्य तेवढं जपायचं.

दादेचं हे दार चुकीपुरतं नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यती बुसानच्या समुद्रात झाल्या. कॅनडाचे लॉरेन्स लेमियू फिन नावाच्या होडीच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर होते. जोराच्या वाऱ्यात त्यांना सिंगापूरचे दोन खलाशी उलटलेल्या होडीपाशी अडचणीत दिसले. ते शर्यत सोडून तिकडे गेले, त्यांना वाचवलं. ज्यूरीने नंतर त्या शर्यतीत त्यांना दुसरा क्रमांक दिला. मदत सोडून ते पुढे जात राहिले असते तर कुठे असते, एवढंच पाहिलं गेलं. एकूण स्पर्धेत ते अकरावे आले. मी ही गोष्ट त्या दिवशी घरी येताना मुलाला फोनवर सांगत होते. तो म्हणाला, आई, ही मला माहीत आहे, तूच सांगितली होतीस, मी दहा वर्षांचा असताना. मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तीन भोंगे रिकाम्या धक्क्यावर वाजवून पाहिले. पलीकडच्या काठावरची गुरं दचकली. शिट्टी गळ्यात होती. शेवटची शर्यत, वारा कालच्यापेक्षा जास्त. पाच, चार, एक. निळी टोपी रेषेच्या मध्यावर, लांब वेणी तिच्यापासून तीन होड्या डावीकडे. शून्याला झेंडा खाली, भोंगा खणखणीत. रेषेवर बसलेल्या काकांनी दोन्ही हातांनी नाही अशी खूण केली. सगळे स्वच्छ सुटले होते. ‘एक्स’ झेंडा लावायची वेळच आली नाही. लागला असता तर जास्तीत जास्त चार मिनिटं ठेवायचा असतो. चार मिनिटं होईपर्यंत मी अंगठा बटणावर आणि शिट्टी दातांत धरून उभी होते.